मोजणीतून सुटलेली वर्षे

नोव्हेंबर लागला की ग्वाल्हेरच्या बँकांमध्ये सकाळी दहापासून म्हाताऱ्या माणसांची गर्दी होते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी साहेबांसमोर उभे राहून सही केली की काम भागायचे. 2014 साली ‘जीवन प्रमाण’ आले, तेव्हापासून बोट यंत्रावर ठेवायचे आणि यंत्राने ओळख पटवायची. उतारवयात बोटांच्या रेषा पुसट होतात. अंगठा लागत नाही, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा, मग ओल्या रुमालाने पुसून पुन्हा पहिला अंगठा. यंदा लश्कर भागातल्या एका बँकेत आमच्यापुढे ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या. सरकारी कन्याशाळेत छत्तीस वर्षे गणित शिकवलेल्या. चौथ्या खेपेला यंत्राने त्यांना ओळखले, तेव्हा मागच्या चार जणांनी सुटकेचा श्वास टाकला.

बाईंना हाताला धरून आणले होते त्यांच्याच शाळेतल्या धाकट्या बाईंनी. दोघींनी पाच वर्षे एकत्र काढलेली. थोरल्या 2003 साली निवृत्त झाल्या आणि त्यांचे वर्ग धाकटीकडे आले. तेच वर्ग, तोच फळा, दुपारच्या सुट्टीत डबा खायची तीच खिडकीजवळची जागा. धाकट्या बाई 2023 साली, बासष्ट पूर्ण झाल्यावर निवृत्त झाल्या. काउंटरवर दोघींची पासबुके एकमेकींशेजारी पडली होती. थोरल्या बाईंच्या पासबुकात महिन्याच्या सुरुवातीला पाच आकडी रक्कम जमा होते. धाकट्या बाईंच्या पासबुकात दोन हजार एकशे चाळीस रुपये. पासबुक मिटून पिशवीत ठेवताना धाकट्या बाई म्हणाल्या, “बाई, यात माझ्या बीपीच्या गोळ्या येतात आणि विजेचं बिल. बाकी मुलगा बघतो.” थोरल्या बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीची नाडी मात्र त्यांनी स्वतः बांधून दिली.

येत्या 17 डिसेंबरला पेन्शनर दिन आहे. ग्वाल्हेरातली निवृत्त मंडळीही त्या दिवशी जमतील. ऐंशी ओलांडलेल्यांना शाल-श्रीफळ मिळेल, भाषणे होतील, आणि दरवर्षीप्रमाणे कुणीतरी नाकरा खटल्याची आठवण काढेल. ती काढलीच पाहिजे. डी. एस. नाकरा 1972 साली सरकारी सेवेतून निवृत्त झाले. 1979 साली केंद्र सरकारने पेन्शनचे सूत्र सुधारले, पण 31 मार्च 1979 या तारखेची रेघ मारली. रेघेअलीकडच्यांना सुधारित पेन्शन, पलीकडच्यांना जुनीच. नाकरा आणि त्यांचे सहकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली पाच न्यायमूर्ती बसले, त्यांत तुळजापूरकरही होते. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती देसाई यांनी, आणि 17 डिसेंबर 1982 ला निकाल लागला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, अंगात बळ होते तेव्हा केलेल्या कामाचा तो मोबदला आहे, आणि एकसारख्या माणसांमध्ये मनाला येईल ती तारीख घालून दुजाभाव करता येणार नाही, असा त्याचा आशय. त्याआधी 1971 साली याच न्यायालयाने पेन्शनला माणसाची मालमत्ता मानले होते, आणि तो खटला लढणारे देवकीनंदन प्रसाद बिहारच्या शिक्षण खात्यातले होते. पुढच्या काही निकालांनी नाकरा निकालाची व्याप्ती आवळली, हेही खरे. पण पेन्शन म्हणजे मागे राखून ठेवलेला पगार, हे त्यातले मूळ म्हणणे कुणी खोडून काढलेले नाही.

मागे राखून ठेवलेला पगार, एवढे मान्य केले की लगेच प्रश्न येतो तो वर्षांचा. किती वर्षांचा पगार राखून ठेवला होता? मध्य प्रदेशाचे पेन्शन नियम 1976 सालचे. पूर्ण पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, तेहतीस वर्षांच्या सेवेला. सेवा कमी भरली की पेन्शन त्या प्रमाणात कमी. प्रत्येक वर्ष म्हणजे तेहतिसातला एक हिस्सा. म्हणूनच जुन्या शिक्षकांच्या घरात सेवापुस्तिका देवघरातल्या पोथीइतकी जपलेली असायची. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पानांच्या कडा पिवळ्या पडलेली ती वही. त्यात नेमणूक, बदली, वेतनवाढ, बिनपगारी रजेचे अकरा दिवस, सगळे एकेका ओळीत, आणि प्रत्येक ओळीखाली मुख्याध्यापकांची सही न् गोल शिक्का. एखाद्या ओळीवर सही राहिली असेल तर माणूस निवृत्तीआधी दोन वर्षे त्या शाळेत हेलपाटे घालायचा.

मध्य प्रदेशात शिक्षकांची पेन्शन गेली ती या वर्षांच्या वाटेने गेली, आणि त्याची सुरुवात शिक्षकाचे नाव बदलण्यापासून झाली. नव्वदच्या दशकात दिग्विजय सिंह यांच्या सरकारच्या काळात सहायक शिक्षक, उच्च श्रेणी शिक्षक, व्याख्याता ही पदे माणूस निवृत्त झाला की पुन्हा भरायची नाहीत, असे ठरले. कचेरीच्या भाषेत त्यांना ‘डाइंग कॅडर’ म्हणत. जिवंत, रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसांच्या संवर्गाला दिलेले हे नाव त्यांच्या कानावर रोज पडायचे. जागी आले शिक्षाकर्मी. त्यांचा मालक शिक्षण खाते नव्हे, पंचायत किंवा नगरपालिका. खेड्यापाड्यांत 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना सुरू झाली. एका किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि चाळीस मुले आहेत, असे गावाने कळवले की नव्वद दिवसांत शाळा. योजना चांगली होती. हजारो वस्त्यांवर पहिल्यांदा शाळा आली ती तिच्यामुळे, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण तिथे शिकवणाऱ्याला म्हटले ‘गुरुजी’ आणि महिन्याला हातावर ठेवले पाचशे रुपये. पुढे 2001 साली संविदा शाला शिक्षक आले. 2007 साली शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने अध्यापक संवर्ग केला. 2018 साली तोही गेला आणि प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक, उच्च माध्यमिक शिक्षक अशी नवी नावे आली.

माणूस तोच, शाळा बहुतेक वेळा तीच. नाव मात्र वीस वर्षांत तीन-चारदा बदलले, आणि दर नावाला घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू झाले. दरम्यान 1 जानेवारी 2005 नंतर राज्याच्या सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली होती. धाकट्या बाई 1998 पासून शिकवत होत्या. मग त्या रेघेच्या कोणत्या बाजूला? सरकारचे उत्तर सरळ होते. 1998 साली तुम्ही सरकारच्या नव्हेच, नगरपालिकेच्या.

त्यांच्या पगारातून निवृत्तीसाठी कपात सुरू झाली 2011 साली. आधीच्या तेरा वर्षांत त्यांच्या म्हातारपणासाठी कुठल्याच खात्यात एक पैसा पडला नाही. 2011 ते 2023 या बारा वर्षांत नऊ लाख जमले असे धरू. नियमाप्रमाणे साठ टक्के, म्हणजे पाच लाख चाळीस हजार, हातात मिळतात. ते मुलीच्या लग्नाच्या कर्जात किंवा घरावरच्या पत्र्यांत जातात. किमान चाळीस टक्के, म्हणजे तीन लाख साठ हजार, विमा कंपनीकडे ठेवून वार्षिकी घ्यावी लागते. सात टक्क्यांनी वर्षाचे पंचवीस हजार दोनशे, महिन्याचे एकवीसशे. त्यावर महागाई वाढ नाही. आज एकवीसशे, पंधरा वर्षांनीही एकवीसशे. याच बाईंचे शेवटचे मूळ वेतन सेहेचाळीस हजार धरले आणि पंचवीसही वर्षे मोजली, तर जुन्या सूत्राने सतरा हजारांच्या वर पेन्शन बसते, आणि ती महागाईबरोबर वाढते. एवढी तफावत कुठून आली हे पाहायला अर्थशास्त्र लागत नाही. सातवी ‘ब’च्या मुलींना हे गणित धाकट्या बाईंनीच शिकवले असते.

जानेवारी 2018 मध्ये भोपाळला अध्यापकांनी आंदोलन केले, तेव्हा काही शिक्षिकांनी भर मैदानात डोक्यावरचे केस उतरवले. आपल्या समाजात बाईने केस उतरवणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. मराठी घरांना तर त्याची जखम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या बायकांना दुसऱ्या दिवशी, त्याच डोक्याने, वर्गात जायचे होते. आठवडाभरात मुख्यमंत्र्यांनी संविलियनाची, म्हणजे अध्यापकांना सरकारी सेवेत सामावून घेण्याची, घोषणा केली, राज्यभर पेढे वाटले गेले. मेच्या अखेरीस मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. सव्वादोन लाखांहून अधिक अध्यापक सरकारी शिक्षक झाले, आणि आदेशात तारीख पडली 1 जुलै 2018. शिक्षकांनी मागितली होती पहिल्या नेमणुकीची तारीख. मिळाली नव्या नावाची तारीख. वीस-वीस वर्षे शिकवलेली माणसे त्या सकाळी कागदावर पहिल्या दिवसाची नोकर झाली.

हे सगळे ग्वाल्हेरच्या माणसाला जरा जास्त टोचते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला, आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला महसूल मंडळ, परिवहन आयुक्त, अबकारी आयुक्त आणि महालेखाकार ही कार्यालये आली. झाशी रोडवरच्या लेखा भवनात राज्यभरच्या सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीचे हिशेब राहतात. मंडला-झाबुआच्या कोपऱ्यातला पटवारी असो की शिक्षक, त्याच्या पैशाचे पान ग्वाल्हेरात उघडलेले असायचे. इथल्या कितीतरी मराठी घरांतला कर्ता माणूस ‘एजी ऑफिसात’ होता. हिशेबात एक रुपया कमी पडला तर संध्याकाळी तो उशिरा घरी यायचा, इतकी त्या माणसांना आकड्यांची चाड होती.

आणि त्या पिढीने एक मोठे काम नीट पार पाडले, ते आज आठवायला हवे. ग्वाल्हेर दरबारच्या शाळेत 1935 साली लागलेला शिक्षक 1948 साली मध्य भारताचा नोकर झाला आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशाचा. राजा गेला, राजप्रमुख आले, तेही गेले. दोनदा नकाशा बदलला, दोनदा मालक बदलला. पण 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात तरतूद होती, की बदली झालेल्या नोकराच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या करता येणार नाहीत. राज्ये मोडून नवी करताना संसदेने शाळामास्तरच्या सेवापुस्तिकेचा विचार केला होता. चाळीस वर्षांनी राज्य तेच, राजधानी तीच, शाळा तीच राहिली. फक्त पदाचे नाव बदलले आणि वर्षे गळाली. एकट्या मध्य प्रदेशाच्या तिजोरीला हे जड होते असे म्हणणाऱ्यांनी 1956 साली तिजोरी किती भरलेली होती ते सांगावे.

ग्वाल्हेरातच, महाराज बाड्याला लागून, गोरखी आहे, आणि गोरखीतली जुनी सरकारी शाळा. अटलबिहारी वाजपेयी या शाळेचे विद्यार्थी. त्यांचे वडील कृष्णबिहारी वाजपेयी ग्वाल्हेर संस्थानातले शिक्षक. बडनगरच्या शाळेत ते मुख्याध्यापक होऊन गेले तेव्हा मुलालाही तिकडे नेले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी मुलाबरोबर कानपूरच्या डीएव्ही कॉलेजात कायद्याच्या वर्गात नाव घातले आणि बापलेक एका वसतिगृहात राहिले, ही गोष्ट ग्वाल्हेरात अजून कौतुकाने सांगतात. आम्हालाही ती फार आवडते. निवृत्त शिक्षक पुन्हा बाकावर बसतो, शिकण्याचा आनंद घेतो, कुणावर ओझे होत नाही. म्हातारपण असे असावे.

त्याच बडनगरात काही वर्षांनी विशीतला एक मराठी तरुण मास्तरकीला लागला. गजानन माधव मुक्तिबोध, जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. हिंदी कवितेला त्यांनी काय दिले ते जगाला माहीत आहे. मास्तर म्हणून ते शाळा बदलत राहिले, शुजालपूर, उज्जैन, आणखी कुठे कुठे. कुठेच नोकरीची मुळे धरली नाहीत, पैशाची विवंचना संपली नाही. 1964 साली ते अंथरुणाला खिळले तेव्हा उपचारासाठी आधी मुख्यमंत्र्यांना आणि मग पंतप्रधान शास्त्रीजींना लक्ष घालावे लागले. शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मोठ्यांनी लक्ष घातले, हे त्यांचे मोठेपण. पण ज्या मास्तरसाठी कुणी पंतप्रधानांना पत्र लिहीत नाही, त्याच्यासाठी नियमच असावा लागतो.

शिक्षकाच्या घरात वाढलेले वाजपेयी पंतप्रधान असताना, 22 डिसेंबर 2003 ला केंद्राने नव्या पेन्शन योजनेची अधिसूचना काढली आणि 1 जानेवारी 2004 पासून सैन्यदले सोडून केंद्राच्या नव्या नोकरांची जुनी पेन्शन थांबली. वाजपेयींच्या मनात शिक्षकांविषयी आकस होता असे आम्हाला मुळीच वाटत नाही. पेन्शनचा खर्च दरवर्षी फुगत होता, तज्ज्ञ समित्या बदल सुचवत होत्या, आणि खर्चाचा आकडा समोर ठेवला की त्यामागची माणसे दिसत नाहीत. पुढे मनमोहन सिंग यांच्या सरकारने 2013 साली त्याच योजनेला कायद्याचे रूप दिले. मध्य प्रदेशात शिक्षाकर्मी काँग्रेसने आणले, पेन्शनची रेघ भाजपच्या काळात पडली. शिक्षकाने कुणाकडे पाहून मत द्यावे? 2023 च्या निवडणुकीत काँग्रेसने जुनी पेन्शन परत देण्याचे वचन दिले, भाजप जिंकला, आणि विषय मागे पडला. दरम्यान एक मुदत पूर्ण केलेल्या माजी आमदाराची पेन्शन मात्र आयुष्यभर चालू राहते. शिक्षकांच्या मोर्चात ही गोष्ट ओरडून सांगितली जाते, आणि तिला आजवर कुणी समाधानकारक उत्तर दिलेले आम्ही ऐकले नाही.

चंबळच्या पट्ट्यात, भिंड-मुरैनात, घरोघरी फौजी आहेत. थोरला भाऊ पलटणीत, धाकटा शाळेत, असे कितीतरी संसार. फौजी भावाची पेन्शन शाबूत आहे, आणि ती असलीच पाहिजे. शिक्षक भावाची नाही. आता अग्निवीर आले, त्यांनाही पेन्शन नाही. जून 2022 मध्ये ग्वाल्हेरच्या बिर्लानगर स्टेशनवर पोरांनी तोडफोड केली ती याच संतापातून. तोडफोडीचे समर्थन कुणी करू नये. पण चंबळच्या पोरांनी दोन पिढ्या सरकारी नोकरीकडे का पाहिले, ते विसरूही नये. ग्वाल्हेरपासून पासष्ट किलोमीटरवर, चंबळचा पूल ओलांडला की धौलपूर, म्हणजे राजस्थान. तिथल्या सरकारने 2022 साली जुनी पेन्शन परत आणल्याची घोषणा केली. नदीच्या या तीरावर मुरैनाचा शिक्षक, त्या तीरावर धौलपूरचा. एकाच लग्नात भेटतात, जेवणावळीत शेजारी बसतात, आणि बोलणे फिरून तिथेच येते.

जुनी पेन्शन जशीच्या तशी सर्वांना परत द्यावी का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या 2023 सालच्या एका अभ्यासाने इशारा दिला, की सगळी राज्ये जुन्या योजनेकडे गेली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकेल. हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. शाळांना नवे शिक्षक हवेत, छपरे हवीत, आणि त्याचे पैसे त्याच तिजोरीतून येतात. केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून आणलेली एकीकृत पेन्शन योजना हा मधला रस्ता. पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षांच्या सेवेला किमान दहा हजार, वर महागाई वाढ. महाराष्ट्राने ती लगोलग स्वीकारली. आमचे मत असे, की निश्चित रकमेची हमी आणि महागाईची जोड या दोन गोष्टी असतील तर योजनेच्या नावावर हटून बसू नये.

पण नीट पाहा, या नव्या योजनेतही सगळे पुन्हा वर्षांवरच येऊन थांबते. पंचवीस वर्षे. दहा वर्षे. धाकट्या बाईंचे घड्याळ 1 जुलै 2018 पासून चालले, तर 2023 पर्यंत पाच होतात. छत्तीसगडात नेमके हेच झाले. तिथल्या सरकारने 2022 साली जुनी पेन्शन आणली, शिक्षकांनी गुलाल उधळला, आणि मग कळले की शिक्षाकर्मीतून सरकारी सेवेत आलेल्यांची सेवा 1 जुलै 2018 पासूनच मोजायची. पेन्शनला किमान दहा वर्षे लागतात. मध्ये निवृत्त होणाऱ्यांची ती भरतच नाहीत. म्हणून तिथली आजची मागणी जुन्या पेन्शनची राहिली नाही, ‘पूर्व सेवा गणना’ हीच आहे. रायपूर आणि ग्वाल्हेर, एके काळी एका राज्यातली दोन शहरे, वेगवेगळ्या वाटांनी त्याच दगडाला ठेचकाळली. खर्चाचा वाद योजनेबद्दल असू शकतो. शिकवलेली वर्षे शिकवली होती की नाही, याबद्दल कसला वाद? त्या वर्षांची हजेरीपुस्तके शाळांत पडून आहेत. त्या वर्षांत पाचवी पास झालेली मुले आज बापाच्या वयाला आली आहेत.

दूर दक्षिण अमेरिकेत, चिलीमध्ये, हे आपल्या आधी घडून गेले. 1981 साली पिनोशेच्या लष्करी राजवटीने पेन्शन वैयक्तिक खात्यांवर नेली आणि सैन्य, पोलीस यांना तेवढे जुन्या योजनेत ठेवले. त्याच सुमारास सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपवल्या, आणि त्या हस्तांतरात शिक्षकांचा एक हक्काचा भत्ता बुडाला. भत्ता बुडाला म्हणून पुढे पेन्शनही घटली. तिथले शिक्षक त्याला ‘ऐतिहासिक देणे’ म्हणतात. राजवट गेली, लोकशाही आली, सरकारे आली-गेली, ते मोर्चे काढत राहिले, त्यांतली कितीतरी माणसे वाट पाहत मरून गेली. चाळीस वर्षे उलटल्यावर राष्ट्राध्यक्ष बोरिच यांच्या सरकारने भरपाई देण्याचे मान्य केले. देणे होते, हे शेवटी सरकारनेच कबूल केले.

महाराष्ट्रात रेघ 1 नोव्हेंबर 2005 ची आहे. त्याआधी शाळेत लागले, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, म्हणून हजारो शिक्षक पेन्शनबाहेर राहिले. शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढलेली तीन-तीन वर्षे आहेतच. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरचे कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर ज्यांची जाहिरात रेघेआधीची होती, त्यांना तरी जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. म्हणजे तारीख मागे नेता येते. सरकारने मनावर घेतले की येते.

पेन्शन ज्यांच्या हातात आहे, त्यांचेही सगळे सुरळीत नाही. 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हाच्या पुनर्रचना कायद्याच्या 49 व्या कलमामुळे मध्य प्रदेशातल्या पेन्शनरांची महागाई वाढ वर्षानुवर्षे रायपूरच्या संमतीसाठी अडकत आली. नोकरीत असलेल्यांचा भत्ता वाढतो, आणि निवृत्तांची तीच वाढ दोन राजधान्यांच्या पत्रव्यवहारात महिनेच्या महिने बसते. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला महिने मोजून मिळालेले असतात. आणि शाळांत आज पुन्हा ‘अतिथी शिक्षक’ आहेत. पाहुणा म्हणून आलेला, वर्षानुवर्षे राहिलेला, आणि ज्याची एकही ओळ सेवापुस्तिकेत चढत नाही असा शिक्षक. पुढचा मोर्चा त्यांचा असेल. आजच त्यांची वर्षे लिहायला घेतली, तर तो मोर्चा टळेल.

थोरल्या बाई पेन्शनरांच्या संघटनेच्या जुन्या सभासद आहेत. यंदा 17 डिसेंबरच्या कार्यक्रमाला धाकट्या बाईंनीही यावे, सभासद व्हावे, असा त्यांचा आग्रह. बँकेतून बाहेर पडल्यावर पायरीवरच त्यांनी पिशवीतून सभासदत्वाचा फॉर्म काढला आणि पेन दिले. धाकट्या बाईंनी मांडीवर पासबुक ठेवून त्यावर फॉर्म भरला. नाव, पत्ता, मोबाईल, निवृत्तीची तारीख. मग पीपीओ क्रमांकाचा रकाना आला. जुन्या पेन्शनरांना मिळणाऱ्या आदेशाचा तो क्रमांक, यांना तो असण्याचा प्रश्नच नाही. त्या जरा थांबल्या. थोरल्या बाई म्हणाल्या, “अगं, तिथं रेघ मार आणि पुढं चल.” धाकट्या बाईंनी रेघ मारली नाही. त्या रकान्यात त्यांनी बारीक, गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिले, ‘प्रथम नियुक्ती 1998’, आणि खाली सही केली.